ऑइलचं झाकण

मिस्त्रीने पट्टी सैल करून इंजिनाच्या ब्रीदरची नळी ओढली, तशी आत साचलेली काळी-पिवळी घाण भसकन मनगटावर आली आणि कोपरापर्यंत ओघळली. धड तेल नाही, धड पाणी नाही. दोन्ही नासून झालेला कोमट राडा. त्याने तोंड फिरवलं, पण जायचा तो वास नाकात गेलाच. जळकं तेल, आंबलेली ओल आणि वरून गाडीत टांगलेलं गुलाबाचं अत्तर. आयुष्यभर इंजिनांच्या पोटात हात घालणाऱ्या माणसाला खरं तर किळस यायला नको. त्याला आली, आणि ती एकट्या तेलाची नव्हती.

भावजी चार हात लांब, नाकाला रुमाल लावून उभे होते. हे त्याच्या धाकट्या बहिणीचे यजमान. जुन्या गाड्या घ्यायच्या आणि नटवून विकायच्या, हा त्यांचा धंदा. घरामागचं अख्खं अंगण फरशी घालून त्यांनी गाड्यांना दिलं होतं. गाडीला बाहेरून काय करायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. टायरांना काळं पॉलिश, सीटांना नवी कव्हरं, काचेला आतून लिंबाच्या वासाचा फवारा. आतलं दुखणं मात्र फवाऱ्याने जात नसे. मग मिस्त्रीला बोलावणं धाडायचं, आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला "मिस्त्री" अशीच हाक मारायची. सख्खा मेहुणा आहे हे अंगणात कधी कुणाला कळू दिलेलं नव्हतं. हात धुवायलाही त्याला फाटकाजवळचा नळ होता. घरातलं बेसिन पांढरं होतं ना.

"किती वेळ लागेल?" भावजींनी रुमालाआडून विचारलं.

"बघू द्या तरी."

पांढऱ्या रंगाची, बरीच वर्षं चाललेली गाडी होती ती. तक्रार म्हणाल तर ऑइल गळतं. भावजींनी दुसऱ्या एका गॅरेजात इंजिनाची सगळी सील बदलून घेतली होती, तरी गाडी उभी केली तिथे सकाळी काळं थारोळं. मिस्त्रीने एअर फिल्टरचा डबा उघडला तर फिल्टर तेलात निथळत होता. ऑइल बघायची पट्टी तिच्या जागेवरून बोटभर वर आली होती, आतून कुणी ढकलावी तशी. त्याला अंदाज आला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की वरचा जळका गॅस फटीतून खाली, तेलाच्या बाजूला उतरतो. थोडाफार सगळ्याच इंजिनांत उतरतो, आणि तो बाहेर काढायलाच ब्रीदर असतो. ब्रीदर तुंबला, तर कोंडलेला गॅस सापडेल त्या सीलमधून तेल ढकलत बाहेर येतो. तेव्हा पाहायचं ते एवढंच, की वाट तुंबली आहे की गॅसच बेसुमार होतोय. वाट तुंबली असेल तर रॉकेल आणि ब्रश पुरे. गॅस जास्त असेल तर इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

नळीच्या तोंडाशी असलेली छोटी झडप त्याने कानाजवळ नेऊन हलवली. चांगली झडप खुळखुळते. ही घशात घास अडकल्यासारखी गप्प होती. त्याला जरा बरं वाटलं. वाटच तुंबली असेल, तर आजचा दिवस सरळ जाईल. त्याने झडप रॉकेलमध्ये बुडवली, नळीतून तार फिरवली, नळी ज्यावर बसते त्या पाइपाच्या तोंडातला चिखल बोटाने खरवडून काढला. चिखल नखांत बसला. झडप खुळखुळायला लागल्यावर सगळं पुन्हा जागच्या जागी बसवून त्याने गाडी चालू केली, ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि त्याच भोकावर उलटं, नुसतं टेकवून ठेवलं.

ही त्याच्या वडिलांची पद्धत. त्यांच्या गॅरेजात गिऱ्हाइकाला इंजिनाबद्दल तोंडाने काही सांगायची चालच नव्हती. झाकण उलटं ठेवायचं आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, तुम्हीच बघा. झाकण स्वस्थ बसलं तर इंजिन धडधाकट. थरथरलं तर चालवून घ्या. उडून पडलं तर मात्र बॅक कम्प्रेशन, रिंगा गेल्या. त्यातूनही शंका राहिली तर वडील ब्रीदरचं तोंड घटकाभर बंद करायला लावत. ते तोंड इंजिनाच्या मागे, अगदी अडचणीत. वडिलांचा पंजा तिथे जात नसे, म्हणून ते काम ठमीकडे. ठमी म्हणजे त्याची बहीण, आता भावजींची बायको. फ्रॉक सावरत ती स्टुलावर चढायची, इवलासा हात फटीत घालून अंगठा दाबायची आणि चटका बसला तरी वडील पुरे म्हणेपर्यंत काढायची नाही. झाकणावर नजर ठेवायचं काम मिस्त्रीचं. "उडालं!" म्हणून तो ओरडला की दोघं खिदळायची, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा मात्र पडायचा.

आत्ताही झाकण उडालं. आधी थरथरलं, मग टपटप नाचलं आणि फरशीवर पडून भावजींच्या चकचकीत बुटापर्यंत घरंगळत गेलं. भोकातून निळसर धूर भकाभका निघाला. भावजी पाय मागे घेऊन उभे राहिले.

मिस्त्रीने तरी स्वतःचं समाधान होईपर्यंत पाहिलं. प्लग काढून एकेका सिलिंडरचं कम्प्रेशन मोजलं. दोन सिलिंडर पार बसलेले. त्यांत चमचा चमचा तेल सोडून पुन्हा मोजलं तर काटा टुणकन वर. तेलाने फट बुजली की काटा चढतो, म्हणजे दोष रिंगांतच.

त्याने भावजींना सांगितलं की इंजिन खोलावं लागेल, आणि तोवर ही गाडी कुणाच्या गळ्यात मारू नका. चढावर नेली तर तेल पिऊन पिऊन एक दिवस रस्त्यातच जाम होईल. भावजींनी ते हवापाण्याच्या गप्पांसारखं ऐकून घेतलं. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. एक नर्सबाई. डोंगरावरच्या वस्त्यांत म्हाताऱ्यांना घरी जाऊन इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायच्या, असं तिचं काम. त्यासाठी स्वतःची गाडी हवी होती, आणि साठवलेलं होतं ते सगळं ती यात घालणार होती. भावजींनी हे एवढ्या मायेने सांगितलं की मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"जाड ऑइल घालून द्या," भावजी म्हणाले. "आजची दुपार निघाली म्हणजे झालं."

"मी नाही घालणार."

"नका घालू. मी घालतो. तुमच्या हाताला लागलंच आहे, तेवढं धुऊन घ्या." त्यांनी फाटकाजवळच्या नळाकडे हनुवटी केली.

ठमी चहा घेऊन आली तेव्हा तो इंजिनाकडे पाठ करून पाने आवरत बसला होता. तिने कप पेटीवर ठेवला आणि उभीच राहिली. तिचे हात स्वच्छ, नखं कापलेली, बोटांना कसल्याशा मलमाचा मंद वास. लग्नानंतर भावजींनी तिला अंगणातल्या कुठल्याच गाडीला हात लावू दिला नव्हता. गॅरेजवाल्याची मुलगी म्हणून हसतील लोक, असं त्यांचं म्हणणं. तीही हळूहळू लांब राहायला शिकली होती.

"दादा, ती बाई आली की तू काही बोलू नकोस," ती हळूच म्हणाली.

"अगं, रिंगा गेल्यात. तुला कळतंय ना?"

"मला सगळं कळतं. मागच्या खेपेला तू त्या मास्तरांना खरं सांगितलंस आणि गाडी विकायची राहिली. त्यानंतर मी माहेरी आले ती बाबा गेल्यावरच. त्यांच्या दुखण्यात मला उंबरा ओलांडू दिला नाही यांनी. आता तुझ्याशिवाय कोण आहे मला? तेवढं तरी राहू दे."

त्याने कपाकडे पाहिलं. चहावर साय धरत होती. त्या मास्तरांना खरं सांगून तो छाती पुढे काढून घरी गेला होता, आणि त्याची शिक्षा मात्र हिने भोगली. वडील शेवटी-शेवटी दाराकडे बघत ठमी आली का विचारायचे, आणि तो येईल येईल म्हणत वेळ मारून न्यायचा.

"नाही बोलत," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

तो नळावर गेला. साबणाची वडी काळीठिक्कर पडलेली होती. ती घासघासूनही मनगटावरची चिकटाई जाईना. परत येऊन पाहतो तर भावजी इंजिनावर वाकलेले, बाह्या दुमडलेल्या, रुमाल खिशात. त्यांनी ब्रीदरची नळी झडपेसकट पाइपावरून उपसून मागे दडपली होती आणि इंजिनाने तिथून उगीच हवा ओढू नये म्हणून नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला होता. पाइपाचं तोंड सताड उघडं. भावजींचे हात तसे नाजूक, कुठल्याही फटीत सहज जाणारे. जाड ऑइलचा रिकामा डबा चाकामागे लपवलेला होता.

मिस्त्रीला क्षणात उलगडा झाला. एवढं मोठं तोंड मोकळं सोडलं की गॅस सगळा तिथून खाली निघून जाणार आणि वरचं झाकण शहाण्या पोरासारखं बसून राहणार. धूर गाडीखालून पलीकडे वाहायला वारा होताच. ती बाई कुणाकडून तरी झाकणाची परीक्षा शिकली होती आणि तसं तिने फोनवर बोलून दाखवल्याचं भावजी सकाळी म्हणाले होते; तेव्हापासूनच त्यांनी हा बेत धरला असणार.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"सासरेबुवांनीच की." भावजी मनापासून हसले. "आमचं लग्न ठरत होतं तेव्हा गॅरेजात बसवून कौतुकाने समजावलं होतं. म्हणाले, नळी निघालेली असली तर झाकण फसवतं, आधी नळी बघावी. माझ्या डोक्यात राहिलं."

मिस्त्रीच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. म्हातारा जीव तोडून सांगत होता कसं फसू नये, आणि हा गृहस्थ फसवायचं कसं तेवढं पदरात पाडून घेत होता. अशा माणसाच्या हाती वडिलांनी मुलगी दिली. आणि आपण त्याच्याच अंगणात त्याच्याच नळावर हात धुतो, त्याचा चहा पितो, आणि गप्प राहायचं कबूल करतो. त्याला भावजींची शिसारी आली, त्या अत्तराची आली, आणि मग हळूच स्वतःचीही यायला लागली.

दुपारी नर्सबाई आली. बुटकीशी, खांद्याला जाडजूड पिशवी, पायात झिजलेले बूट. आल्याआल्या पाणी नको म्हणाली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. रंगाकडे, सीटांकडे तिचं लक्षच नव्हतं. भावजी बोलत होते आणि ती हं हं करत होती. शेवटी तिने बॉनेट उघडायला सांगितलं, गाडी चालू करवली, ऑइलचं झाकण स्वतःच्या हाताने काढलं आणि उलटं टेकवून एक पाऊल मागे झाली. एवढा वेळ आक्रसलेले तिचे खांदे तसेच होते.

झाकण बसून राहिलं. कडेला किंचित थरथरलं, इतकंच. बाई वाकून बघत राहिली. मग तिचे खांदे सैल झाले आणि तिने पहिल्यांदाच गाडीच्या रंगाकडे पाहिलं. ठमी पाण्याचे पेले घेऊन पायरीशी आली होती, तिने बाईचं हे बघणं बघितलं.

"बघा, मी काय म्हणत होतो," भावजी म्हणाले. "आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. हे आमचे मेहुणे. यांच्या वडिलांचं गॅरेज तर जुन्या लोकांना अजून आठवतं. सकाळपासून यांनीच गाडी तपासली आहे. विचारा त्यांना."

इतक्या वर्षांत भावजींच्या तोंडून मेहुणे हा शब्द या अंगणात पहिल्यांदा निघाला होता. बाई मिस्त्रीकडे वळली. तिचा चेहरा मोकळा होता, डॉक्टरने रिपोर्ट चांगला आहे म्हणावं म्हणून थांबलेल्या माणसाचा असतो तसा.

"तुमच्या बहिणीला दिली असती का हो ही गाडी?" तिने विचारलं.

मिस्त्रीने पायरीकडे पाहिलं नाही. बोलायचं नाही, एवढंच तर कबूल केलं होतं त्याने. पण आता गप्प बसणं म्हणजेही बोलणं होतं, आणि भावजींची नजर त्याच्या मानेवर रुतली होती. त्याने हातातली चिंधी एकदा उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"गाडी चालते," तो म्हणाला. आणि बाई तशीच बघत राहिली म्हणून पुढे म्हणाला, "दिली असती."

शब्द बाहेर पडले आणि सकाळचा तो नळीतला राडा जिभेवर आल्यासारखं त्याला झालं. बाईने सुटकेचा निःश्वास टाकून पिशवीला हात घातला. भावजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. एरवी तेलकट कपड्यांमुळे ते त्याच्या अंगाला बोटही लावत नसत.

ठमीने पेले पायरीवर ठेवले. ट्रेही ठेवला. घाई न करता ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली, बाही कोपराच्या वर सारली आणि चालू इंजिनाच्या मागे, त्या अरुंद फटीत हात घातला. पाइपाचं तोंड तिला शोधावं लागलं नाही. तिचा चेहरा एकदाच आक्रसला, चटका बसल्यासारखा, पण हात तिने तसाच आत ठेवला.

झाकण थरथरलं. मग टपटप नाचलं, आणि उडून बाईच्या बुटांपाशी पडलं. भोकातून निळा धूर भसाभसा वर आला आणि तेलाचे थेंब पांढऱ्या बॉनेटवर उडाले.

बाईने झाकणाकडे पाहिलं, मग फटीत गेलेल्या ठमीच्या हाताकडे, आणि मग मिस्त्रीकडे. त्याच्याकडे मात्र ती फार वेळ बघत राहिली.

"असा अंगठा दाबला तर कुठलीही गाडी उडवेल झाकण," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज अजून गोडच होता. "बायकांना काय कळतंय त्यातलं. हात काढ, ठमे."

"मग तुमची स्वतःची चालू करा," ठमी म्हणाली. "ती नवी, शेडमधली. तिच्यावरही ठेवते अंगठा."

भावजींनी किल्लीसाठी खिशात हात घातला नाही. बाईने पिशवीची चेन लावली. निघताना ती ठमीला काही तरी म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ते मिस्त्रीला ऐकू आलं नाही. त्याच्याशी ती बोलली नाही.

गाडी बंद झाली तेव्हा अंगण एकदम रिकामं वाटलं. ठमीने हात बाहेर काढला. कोपरापर्यंत काळा, अंगठ्याचं टोक लालभडक.

भावजींनी त्या हाताकडे पाहिलं आणि रुमाल नाकाशी नेला. "ही घाण घेऊन घरात यायचं नाही," ते म्हणाले आणि आत गेले.

ती फाटकाजवळच्या नळाकडे चालू लागली. मिस्त्री मागोमाग गेला. तिने नळ सोडला आणि अंगठा धारेखाली धरून उभी राहिली. काही तरी बोलायला हवं असं त्याला वाटत होतं.

"तूच म्हणालीस म्हणून," तो शेवटी म्हणाला. "तुझं माहेर तुटू नये म्हणून मी..."

"गप्प राहा म्हटलं होतं मी, दादा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "खोटं बोल, असं नव्हतं म्हटलं."

तिने न बघताच हात पुढे केला, आणि त्याने काळीठिक्कर साबणाची वडी तिच्या तळव्यावर ठेवली. घराच्या दाराला आतून कडी घातल्याचा आवाज आला. तिने मान वळवली नाही. एका हाताचं झालं, तसा तिने दुसऱ्या हातालाही सावकाश साबण लावला.